केंजाचे राखणदार

मोलिको, बुएआ
रविवार, २६ मार्च २०१७

प्रिय लियोंगा,

पत्राची सुरुवात खुशालीने करायची असते, म्हणून आधी ती उरकते. तुझी इया बरी आहे. तिचा गुडघा दुखतो, पण परवा ती स्वतः बाजारात गेली आणि क्वाकोको करून मला डबा पाठवला. संपामुळे शाळा नोव्हेंबरपासून बंद आहेत. दर सोमवारी तर सगळंच बंद, गाड्यासुद्धा; रस्त्यावर चिटपाखरू नसतं. माझे बाबा दिवसभर रेडिओला कान लावून बसतात आणि मला घराबाहेर पडू देत नाहीत. नेट सरकारने सतरा जानेवारीला तोडलं, ते अजून जोडलेलं नाही.

यातलं सगळं तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे, हेच माझं दुखणं आहे.

चौदा तारखेला, बरोबर आठ आठवड्यांनी, मी बाबांशी भांडून डौआलाला गेले, तिकडे नेट चालू आहे म्हणून. बसमधून तीनदा उतरवलं, तीनदा ओळखपत्र दाखवलं, एका शिपायाने लॅपटॉप उघडायला लावून विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं, "कोंबड्यांची टोपली." तो हसला आणि त्याने सोडलं. आकवातल्या एका सायबर कॅफेत बसून मी केंजाचं, आपण दोघांनी बांधलेल्या प्रोग्रामचं, पान उघडलं. कोड सांभाळणाऱ्या राखणदारांच्या यादीत माझं नाव नव्हतं. तुझं होतं, तुझ्या कंपनीतल्या दोघांची होती. माझ्या नावाच्या जागी एक ओळ होती: पंचेचाळीस दिवस हालचाल नसल्याने अधिकार काढून घेतले आहेत, पूर्वसूचना मेलने पाठवली होती.

मेलने, लियोंगा. ज्या गावाचं नेट तोडलंय, त्या गावातल्या बाईला मेलने.

नियम सर्वांना सारखा, असं तू म्हणशील. म्हणू नकोस. फोन चालू आहेत. दर रविवारी तू हॅम्बर्गहून इयाला फोन करतोस. तिनेच मला सांगितलं. "दर वेळी तुझी चौकशी करतो गं," ती म्हणाली. "मी सांगते, एनांगा धडधाकट आहे, फक्त नेट नाही म्हणून वेड लागायचं तेवढं बाकी आहे." मग मला विचारते, "तुमचं काही भांडण झालंय का?" मी म्हटलं, नाही इया, भांडायला दोन माणसं लागतात.

म्हणजे मी गप्प का आहे, हे तुला आईकडून दर रविवारी कळत होतं. आणि तू माझं गप्प राहणं मोजत होतास.

का मोजत होतास, तेही मला समजतं. डिसेंबरमध्ये तुमचा प्रस्ताव आला होता: केंजाने सुरू होताना दर वेळी तुमच्या सर्वरला विचारावं, ही टोपली खरी आहे ना, आणि उत्तर आल्याशिवाय उघडूच नये. मी आडकाठी घातली होती. लिहिलं होतं की आमच्याकडे नेट असतं तेव्हा असतं, नसतं तेव्हा नसतं, आणि आपण केंजा बांधला तो त्याचसाठी. विसरलास? वसतिगृहाच्या गच्चीवर तूच म्हणाला होतास, कोंबडी केंजाच्या टोपलीत घातली की कुंबाहून डौआलापर्यंत दाणापाण्यासकट जाते, तसा प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट टोपलीत भरावा आणि कुठल्याही मशीनवर नेऊन उघडावा, नेट असो नसो. तेव्हा तुझी चप्पलसुद्धा माझ्या भावाची होती.

राखणदाराची आडकाठी असेल तर बदल आत जात नाही. राखणदारच काढला की आडकाठी राहत नाही. माझं नाव तीन मार्चला गेलं. बदल सहा मार्चला आत आला.

हात दुखायला लागला. इतकं हाताने लिहायची सवय राहिली नाही. बाकीचं उद्या.

मंगळवार, २८ मार्च

काल लिहिलं नाही. सोमवार होता, वेळच वेळ होता, तरी लिहिलं नाही. वरचं पुन्हा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नाही, पण मी जिथे थांबले तिथे हात दुखत नव्हता.

कुंबाच्या मिशन हॉस्पिटलची लॅब तुला आठवत असेल. आपण पहिला केंजा तिथेच बसवला होता. बेसेम मॅडम अजून तिथेच आहेत. रक्तदात्यांची वही त्यांनी आपल्याच प्रोग्रामवर चढवलेली: कोणाचा कुठला गट, कुठे राहतो, फोन काय, शेवटचं रक्त कधी दिलं. चार वर्षं तक्रार नाही. जानेवारीत त्यांनी मला फोन केला होता, "सगळ्या गावाचं नेट गेलं, पण तुमची टोपली चालू आहे हो." मी आठवडाभर त्या वाक्यावर जगले.

चौदा तारखेला डौआलात मी नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली. जुनीत ती एक छोटी चूक होती, तारखा मागेपुढे होण्याची, ती तुम्ही दुरुस्त केली होती. बदलांची यादी त्याच पानावर, माझ्या नावाच्या त्या ओळीच्या खाली होती. नऊच कलमं. सहावं कलम तुमच्या सर्वरचं.

मी ती वाचली नाही. ती ओळ वाचली आणि माझं डोकं असं फिरलं, की खिडकी बंद करून टाकली. एवढंच मनात होतं, की यांच्या पानावर आणखी एक मिनिटही बसायचं नाही. दुसऱ्या कोणाची असती तर ओळन् ओळ तपासली असती. तुझी होती. तुला शिव्या घालत होते आणि तुझ्यावर विश्वासही ठेवत होते, दोन्ही एकाच वेळी.

सोळा तारखेला कुंबाला जाऊन ती बसवली. लॅबमध्ये गर्दी होती, म्हणून चालू असलेली टोपली बंद करून पुन्हा उघडून पाहिली नाही. जुनी आवृत्ती पुसून टाकली, जागा मोकळी व्हावी म्हणून. बेसेम मॅडमनी मला एरू खायला घातलं.

रविवारी दुपारी तिथली वीज गेली. सोमवारी सकाळी मशीन चालू केलं, तर केंजा उघडेना. पडद्यावर एवढंच: सर्वरशी संपर्क नाही, प्रयत्न चालू आहे. त्याच सकाळी एपोसी नावाची बाई बाळंतपणाला आली. रक्तस्राव थांबेना. गट ओ निगेटिव्ह.

बेसेम मॅडमचा फोन आला. "ते फिरतंय नुसतं. काय करू?"

मी एक एक आज्ञा फोनवर सांगत गेले, त्या टंकत गेल्या. पाऊण तास. शेवटी त्या म्हणाल्या, "एनांगा, तुम्ही या."

"आज सोमवार आहे मॅडम. गाडी नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. मग डोक्यात होती तेवढी नावं आठवत त्या बाई, वय वर्षं अठ्ठावन्न, पायी दारोदार फिरल्या. मोटरसायकलीही बंद होत्या. चौथ्या घरी एक सुतार सापडला. तीन तास गेले.

एपोसी वाचली. मुलगी नाही वाचली.

मंगळवारी मी पोचले. माझ्या जुन्या डिस्कवरची आवृत्ती घातली, दहा मिनिटांत वही उघडली. ओ निगेटिव्हची सहा नावं होती. पहिलं नाव हॉस्पिटलच्या समोर राहणाऱ्या शिंपिणीचं.

डॉक्टर म्हणाले, कदाचित तसंही झालं असतं, मूल आधीच दमलं होतं. त्या कदाचितला मी आठ दिवस आतून बाहेरून तपासतेय. निघताना वॉर्डात गेले. एपोसीने विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, मशीन दुरुस्त करायला आले होते. ती म्हणाली, "देव भलं करो तुमचं." आणि मी, लियोंगा, मान हलवून बाहेर आले. तिला काही सांगितलं नाही. बेसेम मॅडमना सांगितलं. त्या बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही न वाचता बसवलं. त्यांनी न विचारता बदललं. मी कोणावर रागवू ते तुम्हीच ठरवून सांगा."

मी ठरवलं आहे. माझ्या वाटणीचा राग मी माझ्याकडे ठेवते, त्यात तुला वाटेकरी करत नाही. तुझ्या वाटणीचा या पत्रात आहे, तो कमी करून वाचू नकोस. तू सहावं कलम लिहिलंस तेव्हा कुंबा तुझ्या डोळ्यांसमोर नव्हतं असं मला कोणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. तू तिथे जन्मलास. तू ते बाजूला सरकवलंस.

आता काय करणार ते सांगते. माझं नाव यादीत परत घालू नकोस. मी वेगळी चूल मांडते आहे. आपला जुना कोड सर्वांचा आहे, तो घेऊन मी पुढे जाणार. सर्वरला विचारणं काढून टाकलंय, ते काम अर्ध्या दिवसाचं होतं. कुंबा, लिंबे, मामफे, जिथे जिथे केंजा आहे तिथे स्वतः जाऊन बदलून देणार, आणि दर ठिकाणी मशीन बंद करून, पुन्हा चालू करून, डोळ्यांनी बघून मगच उठणार. केंजा हे नाव तुम्ही ठेवा. मला दुसरं सुचेल.

तुझ्याकडून एकच हवं. त्या आवृत्तीच्या पानावर, सर्वांना दिसेल असं लिही की वीस मार्चला हिच्यामुळे एका हॉस्पिटलची वही उघडली नाही. बदल करणारा म्हणून तुझं नाव घाल, बसवणारी म्हणून माझं. कंपनी नको म्हणेल. तरी लिही. एपोसीचं नाव घालू नकोस, तिला अजून मी सांगितलेलं नाही. गुरुवारी पुन्हा कुंबाला जाते आहे, तेव्हा सांगेन. ती काय म्हणेल माहीत नाही. जे म्हणेल ते ऐकून घेईन.

हे पत्र डौआलाच्या टपालात टाकते. पोचायला पंधरा दिवस लागतील. तेवढ्यात इयाला काही बोलू नकोस, तिला तुझा अजून अभिमान वाटतो.

कळावे. लोभाचं मागाहून बघू.

एनांगा