माझी किडनी, तिच्या पेशी

२६ ऑगस्ट, मंगळ.
गौरीचा सण. शेजारच्या शारदक्कांनी न.ला वाणात चार चक्कोते दिले. म्हणजे आपली पपनसं, आतून गुलाबी. "नलिनी, स्वल्प रक्त वाढू दे." न.च्या पोटात माझी डावी किडनी बसून चौदा महिने झाले, सगळं सुरळीत आहे, तरी लोकांना तिचं रक्त वाढवायचंच असतं. न.ने अर्धं पपनस जागेवर संपवलं. मला दोन फोडी. दात्याचा मान.

२ सप्टें., मंगळ.
न.चा हात थरथरतो. चहा बशीत. "किडनी तुमची, आता हातही तुमच्यासारखे."

४ सप्टें., गुरु.
क्रिएटिनिन १.१ वरून १.८. डॉ.बाई बेळगावच्या, वाईट बातमीही घरच्यासारखी सांगतात. "परकं हुडकून काढणाऱ्या टी पेशी जाग्या झाल्या असतील सर. सोमवारी सुई घालून किडनीचा तुकडा काढून बघूया की."
चौदा महिन्यांनी आत्ता कशाला, विचारलं.
"एकेकीला एकच खूण ओळखता येते. पण त्या कोट्यवधी. कुणाला तरी तुमची खूण सापडतेच."
ओळखल्यावर ती हाक मारते, बाकीच्यांना गोळा करते. रोजची गोळी ती हाक दाबते. ओळख पुसत नाही.
लग्नात न.चं गोत्र बदललं. पेशींच्या दप्तरी नोंद नाही.

५ सप्टें., शुक्र.
शिक्षकदिन. संस्कृत विभागाला एकच हार, तो मला. घरी येऊन टी पेशींबद्दल वाचत बसलो. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी, तिथे त्यांची परीक्षा. घरची खूण वाचता येते का, आणि वाचून घरच्यांवरच धावून जात नाही ना. नापास झाली की मृत्यू. बहुतेक नापासच. माझ्याकडे नापास झालेले निदान पुढच्या खेपेला पुन्हा बसतात.
न.ला वाचून दाखवलं.
"मग माझ्या पेशी हुशारच. तुम्हाला परकं म्हणतात, त्यात चुकलं काय?"
हसलो. मग ती उठून गॅलरीत गेली. पुन्हा डायलिसिस म्हणजे आठवड्यातले तीन दिवस त्या खुर्चीत. तो शब्द घरात कुणी काढत नाही. आणि देण्यासारखी दुसरी माझ्याकडे...

६ सप्टें., शनि.
डॉ.बाईंचा फोन. रक्तात गोळीचं प्रमाण दुपटीहून जास्त. "नवीन काय खाताय?"
न. म्हणाली, पपनस. रोज. (अक्का आणून देतात, मी सोलून देतो.)
तिकडे कळफलकाची टकटक. मग, "पथ्याच्या कागदावर ग्रेपफ्रूट आहे की. त्याच कुळातलं हे."
कागद काढला. ती ओळ खोडलेली. पुढे माझ्या अक्षरात, शाईने: 'इकडे मिळत नाही.'
पपनसामुळे गोळी शरीरात मोडत नाही, साचते. साचली की हाताला कंप, आणि किडनीलाच त्रास. म्हणजे पेशी कदाचित निवांत झोपलेल्या, आणि मी घरात बसून न.ला रोज एक पपनस सोलून...
सोमवारची सुई पुढे ढकलली. गोळी कमी केली. न. रागावली नाही. उरलेलं पपनस मला खायला लावलं, समोर बसून, शेवटच्या फोडीपर्यंत.

११ सप्टें., गुरु.
हात स्थिर. चहा कपात. क्रि. १.४. म्हणजे उतरलं, पण १.१ नव्हे. डॉ.बाई: "नुसता गोळीचा त्रास होता, का पेशीपण उठल्यात, ते सोमवारी कळेल. आणखी उतरलं तर बरं. नाही तर सुई."
न.ने विचारलं, तोवर काय करू? "काय करताय ते करा की."

१५ सप्टें., सोम.
सकाळी बनशंकरीतल्या लॅबमध्ये न.चं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट चारला. घरी आल्यावर न. पिशवी भरायला लागली. बहिणीकडे, आनेकलला.
म्हटलं, रिपोर्ट येऊ दे.
"तो फोनवर येतो. बस तीनची आहे."
बसमध्ये लिहितोय, म्हणून अक्षर असं. न. खिडकीशी, मास्क लावून, मांडीवर बहिणीसाठी शेवंती. चार वाजून दहा मिनिटांनी खिशात फोन वाजला. काढायला गेलो तर तिने मनगट धरलं.
"पोचल्यावर बघू. आत्ता जरा बाहेर बघा."
बाहेर तळं, पलीकडे नाचणीची शेतं. मनगट अजून सोडलेलं नाही. डावं आहे, लिहायला उजवा मोकळा.