गुण दाखवा, पाणी घ्या

२१ नोव्हें. १९८३, सोम.
दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळेत पाऊल टाकताच फटाका. वेळापत्रकातून माझी दहावी अ गायब. वर्ष अर्ध्यावर असताना! वर्ग कुणाला, तर मुख्याध्यापकांच्या साडूला. निफाडचे बागाईतदार, द्राक्षांतून वेळ मिळाला की मराठी शिकवतात. मला नववी क. मु.अ. सगळ्या स्टाफसमोर हसत म्हणाले, "बाई, ढ मुलांना तुमच्यासारखं प्रेमळ माणूस हवं." मीही हसले. याचं उट्टं काढलं नाही तर बापाचं नाव लावणार नाही.

२ डिसें.
नववी क वाटली तशी नाही. लय आगाऊ पोरं. उपरोध शिकवायला घेतला. शिवी न देता कानफटात कशी द्यायची ते. म्हटलं, वर्गातल्या बंद पंख्यांची स्तुती करा. मागच्या बाकावरून आलं: "पंखे फिरत नाहीत, त्यामुळे डोक्यावर पडायची भीती नाही. मा. मुख्याध्यापकांचे आभार." पोट धरून हसले. आणि मनात आलं, हत्यार सापडलं.

१२ डिसें.
आज गृहपाठ: शंभर वर्षांनंतरचं नाशिक. एकच अट. आज जी खोड आहे ती वाढवत न्या आणि तिचा कायदा करा. शाळेच्या हस्तलिखित अंकात घालू, म्हणजे मु.अ.ना वाचावंच लागेल. नाव न घेता सोलून काढायचं आहे त्यांना.

१९ डिसें.
मंगलाची गोष्ट! शेवटच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी. गंगा, म्हणजे आपली गोदावरी, आटलीय. शहरात एकच नळ. वर पाटी: गुण दाखवा, पाणी घ्या. हुशार आधी, नापास शेवटी, आणि शेवटच्यांना नळाला हात लावायची बंदी, वरून ओंजळीत ओतणार. वाचून गार पडले.
विचारलं, कुठून सुचलं?
"आजोबांकडून. चांदवडकडच्या गावात त्यांना असंच पाणी घालायचे. फक्त तिथं मार्क नाय विचारायचे, बाई. जात विचारायचे."


७ जाने. १९८४
हस्तलिखित मु.अ.च्या टेबलावर. मंगलाची गोष्ट पहिली ठेवली, मुद्दाम. आता जळफळाट बघायचा.

१८ जाने.
करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मु.अ.ना गोष्ट आवडली! उपरोध कळलाच नाही, योजना वाटली. प्रार्थनेला जाहीर केलं: "गुणानुक्रमे पाणी! स्पर्धा वाढेल. कल्पना नववी क च्या विद्यार्थिनीची." चित्रकलेच्या सरांकडून पाटीसुद्धा रंगवून घेतली, शब्द न् शब्द तिचेच. मी जाऊन सांगितलं, सर, ती थट्टा आहे हो. म्हणाले, "तुमच्या मुलीचं कौतुक तुम्हालाच बघवत नाही?"

३० जाने.
नववी क चा नंबर येतो तेव्हा टाकीत गाळ. पोरं मंगलावर चिडलीत, "तुझ्यामुळं." ती शाळेत पाणी पीतच नाही आता. घरी जाईपर्यंत कोरडी. ही आग मीच लावली. मु.अ.वरचा माझा राग दुप्पट झालाय.

६ फेब्रु.
शुक्रवारी शिक्षण खात्याच्या साहेबांची तपासणी. मु.अ.ना साहेबांपुढे योजना मिरवायचीय, म्हणून मंगलाने गोष्ट वाचायची! तिने आज नवा शेवट दाखवला. रांगेतला म्हातारा पाटी वाचून हसतो आणि सांगतो, आमच्या वेळी 'गुण'च्या जागी दुसरा शब्द होता. मग तो शब्द, सरळ. साहेबांसमोर, मु.अ. शेजारी बसलेले असताना! त्यांचं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि जेवण गोड लागलं.

९ फेब्रु.
मंगलाची आई घरी आली. दारातच उभी.
"बाई, पुढल्या साली दहावीचा फारम हाय. हेडसरांनी अडवला तर? आमच्यात कोन दहावीला गेलं नाय आजून."
तिला बसवलं, चहा दिला. गेल्यावर स्वतःची लाज वाटली. सूड माझा आणि मान पोरीची!

१० फेब्रु., शुक्र.
सकाळी तिला गाठलं. म्हटलं, दे इकडे, मी वाचते. मला काय करतील, फार तर पाचवीला टाकतील.
तिने कागद पाठीमागे धरला. "तुमचा वर्ग गेला बाई. आमचं पाणी गेलंय. गोष्ट माझी हाय."
म्हटलं, आणि आई? "आईला रात्री वाचून दाखवली. रडली. मग म्हणाली, मोठ्यानं वाच, मागपर्यंत ऐकू जाऊ दे."
साहेब चहा घेतायत. मी स्टाफरूममध्ये हे खरडतेय. मु.अ.चं तोंड मला अजूनही बघायचंय, खोटं कशाला लिहू. पण ठरवलंय, ती वाचून खाली बसली की मी उभी राहणार आणि सांगणार, हे मी शिकवलं. अडवायचं तर आधी मला अडवा.
शिपाई बोलवायला आलाय. हॉलमधून तिचा आवाज येतोय, सुरू केलंसुद्धा तिने