तुलनेसाठी घेतलेली चाल

प्रिय धाकटे,

गेले काही दिवस तुझा फोन आला की मी तो नुसता वाजू देते. रागावली असशील. तुझ्या भावोजींना विचारलंस तेव्हा तेही 'ती कामात आहे' एवढंच म्हणाले, आणि त्या माणसाला धड खोटंसुद्धा बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. बोलायला गेले तर माझा आवाज टिकणार नाही, म्हणून लिहितेय.

माझी हॉस्पिटलातली लॅब, कॅमेऱ्यांनी पेशंटची चाल मोजतो ती, तुला आठवत असेल. तू आलीस तेव्हा तुझ्या चकचकीत कानातल्यांमुळे पडद्यावर दोन जादा ठिपके उमटले होते. याला आम्ही घोस्ट मार्कर म्हणतो, असं मी सांगितलं, तर 'म्हणजे पगार घेऊन भुतं पकडतेस होय!' म्हणत तू हसून लोळलीस. आमचे सगळेच शब्द तुला गमतीचे वाटले होते. अंगाला चिकटवायच्या त्या चमकत्या गोळ्या म्हणजे मार्कर. आधी कॅमेऱ्यांना खोलीची मापं शिकवायची, ते कॅलिब्रेशन. चालताना हात आडवा येऊन कमरेवरची गोळी झाकली गेली की ऑक्लूजन, आणि मागचं-पुढचं बघून तिची मधली हरवलेली वाट भरून काढायची ते गॅप फिलिंग. शेवटी पडद्यावर माणूस उरतच नाही, काड्यांचा सांगाडा तेवढा चालत राहतो. स्केलेटन म्हणतो आम्ही त्याला. इतकी वर्षं हा शब्द माझ्या तोंडात आहे, कधी काही वाटलं नाही.

मागच्या महिन्यात आमच्या डॉक्टरबाईंना निरोगी मुलांची चाल हवी होती. आजारी मुलाची चाल कुठे बिघडलीय ते कळायला शेजारी चांगली चाल ठेवावी लागते. मी आपली हौसेने पुढे! म्हटलं, आमचा खारू आहे की, सात वर्षांचा, शाळेला सुट्टीच आहे. चड्डीवर उभा राहिला, अंगभर गोळ्या. दोन्ही हात पसरून टी-पोज दे म्हटलं तर 'आई, मी विमान' म्हणाला. चार-पाच फेऱ्या मारल्या, गोळ्या काढताना गुदगुल्या होतात म्हणून खिदळला आणि जाताना वॉचमनकाकांना सॅल्यूट ठोकून गेला.

आमच्या फायलींवर नावं नसतात, नुसते नंबर. दोनेक दिवसांनी बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर सांगाडा चालत होता. टाचा टेकत नव्हत्या, पोट पुढे, खांदे मागे, पावलागणिक धड डोलत होतं. बाई म्हणाल्या, "हा पेशंट निरोगी मुलांत कसा मिसळला? काढ बरं याला." मी म्हटलं, "पेशंट नाही हो बाई. माझा मुलगा आहे." त्या स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि माझा हात धरला. तेव्हाच मला कळलं. लोकांच्या पोरांच्या टाचा बघण्यात माझा जन्म गेला गं, आणि घरात माझं पोर चवड्यांवर तुरुतुरु चालायचं, म्हणून मी त्याला लाडाने खारू म्हणत होते.

रक्त तपासलं. स्नायू हळूहळू विरत जाण्याचा आजार आहे. औषधाने वेग कमी होतो, थांबत नाही. तीन-चार वर्षांत चाकाची खुर्ची येईल, मग हात जातील, मग श्वास. तुझे भावोजी रोज त्याला पाठुंगळी घेऊन जिना चढतात आणि त्याला तो खेळ वाटतो. मी बाथरूममध्ये नळ सोडून बसते. आशा ठेवा म्हणतात सगळे. कशाची ठेवू, तेवढं कुणी सांगत नाही.

हा आजार आईकडून मुलात येतो, आईला स्वतःला काही होत नाही. माहेरी कुणाला होता का, असं बाईंनी विचारलं, म्हणून मी आईकडे दादाचा विषय काढला. तो गेला तेव्हा तू पाळण्यात होतीस. मला तो अंथरुणावर पडलेलाच आठवतो. अशक्तपणा होता, एवढंच आपल्याला सांगितलं होतं. आई मग म्हणाली, "मुलींना होत नाही, असं सांगितलं होतं गं तेव्हा. मला वाटलं, माझ्यापाशीच संपलं." तिच्यावर ओरडणारच होते मी, पण पोटचा मुलगा घालवलेल्या बाईला काय बोलायचं?

आणि काल तू तुझ्या गोटूचा व्हिडिओ पाठवलास. तो गालिच्यावर लोळतोय, तू हाक मारतेस, तो उठतो. आधी पालथा होतो, बूड वर करतो, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. खाली तू लिहिलंयस, 'आमचे आजोबा उठले बघ.' धाकटे, मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. खारूसुद्धा अस्साच उठतो. माझी नजर चुकीची ठरो, मला भ्रम झालेला असो, मग जन्मभर मला शिव्या घाल. पण उद्याच्या उद्या त्याला मुलांच्या डॉक्टरांकडे ने. सांग, मामाला होता, मावसभावाला आहे, रक्त तपासा. लवकर कळलं तर औषध लवकर सुरू होतं, पायावर चालायची थोडी वर्षं वाढतात. तेवढंच आपल्या हातात आहे. रिपोर्ट आणायला मात्र एकटी जाऊ नकोस. मी निघतेय तुझ्याकडे. दार उघडशील तेव्हा मला काही विचारू नकोस, नुसती आत घे.

तुझीच,
ताई