अंगाला न राहिलेली हळद

आई, गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रात एक लेख वाचला आणि वाटलं, हे तुला सांगायला हवं होतं. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता या घरात तुला नीट ओळखणारं माझ्याशिवाय कुणी नाही. मला शाळा चौथीपर्यंतच. पुढचं वाचन माझं मीच केलं, त्यामुळे असले लेख सावकाश वाचावे लागतात. त्यात लिहिलं होतं की काही बुरश्यांच्या अंगात एक द्रव्य असतं, विकर म्हणतात त्याला. ते झाडापासून मिळणाऱ्या एखाद्या पदार्थाला साखर जोडून देतं. साखर जोडली की एरवी पाण्यात न विरघळणारा पदार्थ विरघळायला लागतो. उदाहरण दिलं होतं हळदीच्या पिवळ्या रंगाचं. तेवढाच भाग मी परत वाचला.

साठ सालानंतरची गोष्ट. तू सांगलीजवळ हरिपूरला पेवांवर हळद निवडायला जायचीस. हळद साठवायचं जमिनीतलं ते खोल पेव उघडलं की आतली वाईट हवा निघून जाईपर्यंत सगळे लांब बसायचे, मग माणूस आत उतरायचा. कडेची हळद ओल लागून बुरसलेली निघे. ती निवडणाऱ्या बायकांनी घरी न्यावी, अशी तिथली रीत. माझ्या लग्नाला तू तीच आणलीस. घासून धुतलीस, उन्हात घातलीस, जात्यावर दळलीस. गल्लीतल्या सगळ्या लग्नांची हळद तूच दळायचीस, म्हणून कुणी शंका घेतली नाही. मी पाटावर बसले आहे. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद माझ्या अंगावर चढते आहे, पिवळीजर्द. मग आंघोळीचं पाणी पडतं. पाणी पिवळं होऊन मोरीकडे जातं आणि माझे हात कोरे निघतात. तिकडे नवरदेवाचंही तेच झालेलं. कोरेगावहून आलेली नणंद म्हणते, "आवं, हळद लावली का नुसती दावली?" बायका हसतात. तूही हसतेस. "माजी लेक लय गोरी हाय बाई, तिच्यावर रंग कुटं बसायचा!"

तिसऱ्या वर्षी तुझे जावई तापानं गेले. मग त्या हळदीवर कुणी हसलं नाही. तू भेटायला कोरेगावला आलीस तेव्हा सासूबाई तुझ्यादेखत म्हणाल्या, "हळद अंगाला ऱ्हायली न्हाई, तवाच कळाय पायजे हुतं." तू मान खाली घालून बसलीस. परत जाताना मी पोराला कडेवर घेऊन एसटीपर्यंत आले, तेव्हा म्हणालीस, "फुकटची हळद लावली गं मी तुला." मी म्हटलं, "आई, टायफाइड हुता त्यो. डाक्टरच म्हनले की." तर म्हणालीस, "डाक्टरला हळदीतलं काय कळतंय?" त्यानंतर तू कुणाच्या लग्नाची हळद दळली नाहीस. बोलवायला येणाऱ्या बायकांना सांगायचीस, हात दुखतोय. तो हात शेवटपर्यंत दुखतच राहिला.

आपल्या हळदीवरची बुरशी तीच होती का, हे मला कोण सांगणार? बुरश्या पुष्कळ असतात. पण रंग धुऊन जायला असंही कारण असू शकतं, आणि त्या कारणाचा कुणाच्या मरणाशी काही संबंध नसतो. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का? बहुतेक नसतंसच. सासूबाईही ऐकत्या ना. आता त्याही नाहीत. लिहिते आहे खरी, पण दमायला होतं, आई. एवढंसं समजायला सगळा जन्म गेला.

परवा नातीची हळद आहे, इथेच साताऱ्यात. हळद बाजारातली, पुड्यातली. विधवेनं नवरीच्या हळदीला हात लावू नये, असं आता घरात कुणी म्हणत नाही, पण मीच लांब राहते. आज सकाळी स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. लेख वाचलेला होता, कळलेला होता. तरी पुडा फोडला, चिमूटभर हळद ओली करून मनगटाला चोळली, वाळू दिली आणि हात नळाखाली धरला. रंग गेला नाही. साबण लावला, तरी गेला नाही. तेव्हापासून मनगट पदराखाली धरून घरात वावरते आहे.