लांब हॉर्न

चौकशी अधिकारी साहेबांस,

"पेट्रोलच्या लोभापायी माणसं मेली," असं तुम्ही टीव्हीवर खुशाल सांगून टाकलंत. पुरावा काय, तर जळालेल्या बादल्या.

साहेब, आमच्या गल्लीत नळ नाही. पाण्याचा टँकर नाक्यावर थांबून एक लांब हॉर्न देतो. तो ऐकला की हातातलं काम टाकून पळायचं, नाहीतर दिवसभर घसा कोरडा. त्या सकाळी नाक्यावर पेट्रोलचा टँकर उलटला आणि त्याचा हॉर्न अडकून वाजतच राहिला. अख्खी गल्ली बादल्या घेऊन धावली. वास येईपर्यंत उशीर झाला होता.

मी केसांना साबण लावून मोरीत बसले होते आणि घरात थेंबभर पाणी उरलं नव्हतं. आई म्हणाली, "डोळे मिटून बस, आलेच." मी डोळे मिटले. मग भिंती हादरल्या.

त्यानंतर आगीचे बंब आले. इतकं पाणी आमच्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. त्याच पाण्याने मी तोंडावरचा साबण धुतला. आईला शोधायला डोळे तर उघडायला हवेत.

काल तुमचा माणूस जबाबावर सही मागायला आला होता. त्यात आई पेट्रोल आणायला गेली होती, असं लिहिलेलं. मी त्याला दारातूनच वाटेला लावलं.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, कारण ते तुमच्या फायलींखाली दडपून जाईल. उद्या घरातली दुसरी बादली तुमच्या टेबलावर ठेवीन आणि हे पत्र तुमच्या तोंडावर वाचून दाखवीन. आधी ती भरून द्या. मग मला चोराची मुलगी म्हणा.

पाण्याला गेलेल्या बाईची मुलगी