बाबांचा कॉम्प्युटर फास्ट झाला

वणी

प्रिय पिंटू,

प्रिय लिहिलं ते हाताच्या सवयीने, त्याचा फार अर्थ काढू नकोस. फोनवर माझं अर्धं ऐकलं की तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून कागद घेतला. आता शेवटपर्यंत वाच.

दसऱ्याला तू पुण्याहून बायको-पोरांना अन सासऱ्यांना घेऊन आलास. बाबा तेव्हा शेजारच्या रुक्माबाईचा निराधार पेन्शनचा अर्ज टाइप करत बसले होते. तहसील कचेरीतून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी गल्लीत कोणालाही अर्ज लागला की बाबांच्याच हातचा लागतो. त्यावरच त्यांचा दिवस निघतो, हे तुला चांगलं माहीत आहे. मराठी टायपिंगची, मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेला माणूस तो. तुझ्या इंजिनियरिंगच्या प्रवेशाचे सगळे कागद त्याच बोटांनी टाइप केले होते, अन साहेब म्हणाले होते की पुंडलिकराव, एक खाडाखोड नाही. तू मात्र पाच मिनिटं मागे उभा राहिलास अन सासऱ्यांसमोर बोललास, "बाबा, आता कॉम्प्युटर अन तुम्ही, दोघंही भंगारात काढायले झाले." सगळे हसले. बाबाही हसले. मशीनच स्लो आहे म्हणाले अन आईने शिवलेलं कव्हर त्यावर ओढून उठले. रुक्माबाईला त्यांनी बाजारातल्या सेंटरवर जायला सांगितलं. तुम्ही गेल्यावर पंधरा दिवस ते कव्हर निघालं नाही. बाबा अंगणात खुर्ची टाकून नुसते रस्त्यावरचे ट्रक पाहत बसायचे. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे, रोज येता-जाता मले ते पाहवत नव्हतं.

म्हटलं, थांब बेट्या, तुले दाखवतेच. नजीरभाईंना बोलावून आणलं. कचेरीतले टायपरायटर दुरुस्त करायचे तेच, आता कॉम्प्युटरचं काम करतात. त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला अन कपाळाला हात लावला. कचेरीत दर दसऱ्याला टायपरायटरची पूजा व्हायची, तीच बाबांनी घरी चालू ठेवली होती. डबा आडवा पाडून त्याच्या जाळीवर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. टायपरायटर उलटा करून झटकला की मोकळा व्हायचा. ह्याले कोण झटकणार? बारा दसऱ्यांचं सगळं आतल्या पंख्यात जाऊन बसलं होतं, अन वरून वणीची कोळशाची धूळ. नजीरभाई म्हणाले की ताई, एवढ्या पूजेत देवही गुदमरला असता. त्यांनी ब्लोअर मारून पंखा मोकळा केला, जुनी हार्ड डिस्क काढून नवी बसवली, रॅम वाढवली, तू कधीतरी टाकून गेलेले गेम अन फालतू प्रोग्राम उडवले. आधी सुरू व्हायला चहा होऊन पिऊन व्हायचा. आता बटण दाबलं की हजर. मी इतकी खूश झाले की तिथूनच तुला फोन लावणार होते.

बरं झालं नाही लावला. रुक्माबाईचा अर्ज अजून राहिलाच होता, तिला मीच परत बोलावलं. बाबांनी चष्मा पुसला, ताठ बसले, अन "मा. तहसीलदार साहेब यांस" एवढं टाइप करून थांबले. हजारो वेळा लिहिलेला मायना. पुढचं अक्षर त्यांना सापडेना. बोट कीबोर्डवर फिरत राह्यलं अन समोर मशीन तयार उभी होती. नजीरभाई, रुक्माबाई अन मी मागे उभे. पाऊण तासात चार ओळी झाल्या, त्यात रुक्माबाईचं नाव दोनदा चुकलं. मग बाबा वळले. माझ्याकडे नाही, नजीरभाईंकडे.

"नजीर, हे अजून स्लोच आहे ना?"

नजीरभाई म्हणाले, "हो ना साहेब. पुरानी मशीन आहे, टाइम घेते."

पुढच्या आठवड्यात बाबांना यवतमाळला नेलं, तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, वाढत जाणार म्हणतात. आईला वर्षभरापासून कळत होतं, ती सगळं मशीनवर ढकलत राहिली. म्हणजे पिंटू, तू खरंच बोलला होतास. जे मला रोज येऊन दिसलं नाही, ते तुला पाच मिनिटांत दिसलं, अन तू त्याचा विनोद केलास. तू खोटा ठरला असतास तर मी कधीची विसरले असते. तुझी चीड येते, अन त्याहून जास्त माझी येते, कारण त्यांचा तो आडोसा मीच पैसे देऊन काढून टाकला.

आता बाबा रोज सकाळी बसतात. एखादी ओळ होते. मशीनला दोन शिव्या घालतात, मी हो म्हणते, अन ते समाधानाने जेवायला उठतात. दुपारी ते झोपले की अर्ज मी पुन्हा टाइप करते. बाया बाबांना आशीर्वाद देऊन घेऊन जातात.

काल तुझा मेसेज आला. बाबांच्या पंचाहत्तरीला बाजारातला सगळ्यात फास्ट, नवाकोरा कॉम्प्युटर मागवला म्हणे, सरप्राइज म्हणे. तेवढ्यासाठी हे पत्र. ती ऑर्डर आजच्या आज रद्द कर. नव्या मशीनपुढे बसून बाबा दोष कोणाला देतील? पार्सल आलंच तर मी दारातून परत पाठवीन, मग तू रागाव नाहीतर रड. काही द्यायचंच असेल तर चार दिवस सुट्टी काढून एकटा ये. त्यांच्या शेजारी बस. एका ओळीला अर्धा तास लागेल, तोंड मिटून बस. ते तुझ्याकडे वळून मशीनबद्दल विचारतील. तेव्हा तू, एवढा मोठा कॉम्प्युटर इंजिनियर, त्यांना सांग की त्यांचंच बरोबर आहे.

तुझीच, काय करणार,
वर्षाताई