ताम्हिणीचा ठिपका

आबा,

ताम्हिणीचा ठिपका पडद्यावरून मी पुसला. साहेबांनी सांगितलं हे खरं, पण बटण माझ्या बोटाखाली होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुमच्या वयाला येऊन टेकले, तरी ही गोष्ट तुमच्यापुढं नीट मांडायचं धाडस मला झालेलं नाही.

माझं काम नेमकं काय होतं ते तुम्हाला कधी नीट कळलंच नाही, कारण मी कधी सांगितलं नाही. "पोरगी पुन्याला कांप्युटरवर हाय," एवढंच तुम्ही गावात सांगायचात आणि पुढं कुणी विचारलं की विषय बदलायचात. तर ऐका. ऐंशी साल उलटून थोडेच दिवस झाले होते. तोवर आमच्या संस्थेत पावसाचे आलेख यंत्राचं पेन कागदावर काढायचं. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून, अर्धा दिवस पाण्यात. साहेबांच्या मनात आलं की आलेख पडद्यावरच आणावा, बघणाऱ्यानं हवा तसा हलवावा. तो प्रोग्रॅम मी लिहीत होते, वर्षभराच्या करारावर. काळ्या पडद्यावर हिरव्या रेषेत आपला घाटमाथा आणि जिथं जिथं पाऊस मोजतात त्या गावी एक ठिपका. बटण दाबलं की तारीख एक दिवस पुढं जायची आणि ज्या गावात जितका पाऊस झाला तितका त्याचा ठिपका फुगायचा. हवं ते गाव निवडून त्याची रेषा शेजारच्या गावाच्या रेषेवर ठेवता यायची, मागंपुढं सरकवता यायची. कोकणातून पाऊस घाट चढून वर येतोय हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

आणि मग आपली ताम्हिणी दिसली. बाकीचे ठिपके बारीक, आणि ताम्हिणी एकटीच टम्म फुगलेली. बटण दाबलं, दुसरा दिवस, सगळा घाट फुगला आणि ताम्हिणी तेवढी ओसरायला लागलेली. एकदा नाही, प्रत्येक मोठ्या पावसाला. साहेब माझ्यामागं उभे होते. म्हणाले, "हा माणूस घरी बसून आकडे भरतोय. महिन्याची बेरीज जमवून देतो, म्हणून इतकी वर्षं पकडला गेला नाही. लबाड आहे."

मला त्याच क्षणी कळलं होतं, आबा. शाळेमागचा तो पाऊस मोजायचा डबा, सकाळी साडेआठला इरलं घेऊन तुम्ही उभे, काचेचं माप डोळ्यासमोर धरून. जोराच्या पावसात माप वीस-वीस वेळा भरायचं आणि दर खेपेला तुम्ही पाटीवर एक रेघ मारायचात. एकदा माझ्या हातून अर्धं माप सांडलं. मी म्हटलं, पुरं धरा, कोण बघतंय? पाटी बाजूला ठेवून तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मला रडूच आलं. "सांडलं तर सांडलं म्हून लिव. मनानं भरायचं न्हाई." मग घरात येऊन तुम्ही पुण्याला धाडायचं कार्ड भरता, आणि तारीख घालता कालची. मी विचारते, कालची का? तुम्ही हसता. "दिस उगवायच्या आत पडला त्यो पाऊस कालचाच की गं." आपल्याकडं दिवस बदलतो तो सूर्य उगवल्यावर, एकादशीसुद्धा त्याच हिशेबानं धरतात. नियम मात्र असा, की ज्या सकाळी मोजलं त्या सकाळचीच तारीख घालायची. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि महिन्याच्या बेरजेत एका दिवसाची चूक कुणाला दिसणार? ती दिसली माझ्या पडद्यावर.

"साहेब, एक दिवस सरकवून बघू या का?" एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण साहेबांचा पुढचा प्रश्न आला असता, "तुम्हाला हे कसं सुचलं?" कायमची जागा एकच होती, उमेदवार दोघं, आणि दोनच दिवसांनी समिती हा पडदा बघायला येणार होती. लबाड ठरलेल्या माणसाची मुलगी त्याची बाजू घेतेय असं कुणी म्हटलं तर? लग्नानंतर आडनाव बदललं होतं, मी मुळशीकडची एवढंच सगळ्यांना माहीत होतं. साहेब म्हणाले, "समिती यायच्या आत तो ठिपका काढा." मी काढला.

तुम्हाला पत्र गेलं की नोंदी विश्वासार्ह नाहीत, डबा परत नेण्यात येईल. पंधरवड्यानं तुम्ही आलात. मी त्याच खोलीत काम करते हे तुम्हाला कुठं ठाऊक होतं! बाहेरच्या पाटीप्रमाणे वहाणा दाराशी काढून, नोंदवह्यांची पिशवी छातीशी धरून तुम्ही आत आलात आणि मला बघून थबकलात. तुमचे ओठ हलले. मी मान खाली घातली. साहेब मला म्हणाले, "यांना दाखवा, काय प्रकार आहे तो." मी ठिपका परत आणला, बटणं दाबत गेले. ताम्हिणी फुगत होती, ओसरत होती. तुम्ही पडद्याकडं बघितलंत, मग एकदाच माझ्याकडं.

"या बाईंनी काडलंय व्हय?" तुम्ही साहेबांना विचारलंत. "लई बारीक काम हाय."

मग वहीवर हात ठेवून म्हणालात, "साहेब, तारखेत कायतरी चुकलं आसंल माजं. पन पावसात उभं ऱ्हाऊन मोजलंय. मनानं न्हाई भरलं."

"निर्णय झालाय आता," साहेब म्हणाले. तुम्ही वह्या पिशवीत भरल्यात, दोघांनाही नमस्कार केलात आणि गेलात. मी पायऱ्यांपर्यंतसुद्धा आले नाही.

दार लागल्यावर मी म्हटलं, एक दिवस सरकवून बघते. ताम्हिणीची रेषा शेजारच्या रेषेवर चपखल बसली. साहेबांनी पडद्याजवळ वाकून बघितलं, म्हणाले, "शाबास." अहवालात ही चूक शोधल्याचं श्रेय माझ्या नावावर लागलं. जागा मला मिळाली. तुमच्या सगळ्या नोंदी दुरुस्त होऊन जमेस धरल्या गेल्या, पण डबा तोवर गेला होता. "त्या गृहस्थांना पत्र टाकू," असं साहेब एकदा म्हणाले आणि विसरले. मी आठवण करून दिली नाही. मी कायम झाले म्हणून तुम्ही गावभर पेढे वाटलेत. त्या दिवसाबद्दल तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाहीत, आणि नोंदी खऱ्या ठरल्या हे मीही तुम्हाला सांगितलं नाही. सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून शेवटचं लिहून टाकते. माझ्या मुलांना ही गोष्ट सांगताना मी म्हणते की तुम्ही मला 'बाई' म्हणालात तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. ते नंतर झालं, आबा, संध्याकाळी घरी गेल्यावर. त्या क्षणी मला फक्त हायसं वाटलं होतं.